मोनोपॉली डील जिंकायचं कसं, आणि वर्गात खेळवायचं कशासाठी?



"सर, शाळेत पोरांले पत्ते शिकवता म्हणे तुम्ही?" पालकसभा संपल्यावर एका वडिलांनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. आपल्या ढाणकीत काय किंवा उमरखेड तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, 'पत्ते' म्हटलं की तीनपत्तीचा डाव आणि त्यात गेलेले घरचे पैसे आठवतात. त्यामुळे त्यांची काळजी मला मुळीच चुकीची वाटली नाही. "पैसे लावत नाही, चॉकलेटसुद्धा लावत नाही," एवढं मी सांगितलं. पण खरं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मी वर्गात खेळवतो तो खेळ म्हणजे 'मोनोपॉली डील'. आपण लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यापार' खेळायचो ना, त्याचाच हा पत्त्यांमधला धाकटा भाऊ. पट नाही, फासे नाहीत. 'व्यापार'ला अख्खी दुपार लागायची आणि शेवटी कुणीतरी रुसून पट उधळायचं. याचा एक डाव साधारण पंधरा-वीस मिनिटांत संपतो, म्हणजे एका तासिकेत आरामात बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा खेळ मुलांना नुसता वेळ घालवायला देऊ नका, जिंकायला शिकवा. युक्त्या कळल्याशिवाय त्यातलं गणित बाहेरच येत नाही. मात्र त्यातली सगळ्यात मोठी युक्ती शिकवली की तिथेच थांबून चालत नाही. हे मला जरा उशिरा कळलं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. खेळायचे पत्ते १०६. त्यात जागांचे २८, दोन किंवा सगळ्या रंगांत चालणारे ११, पैशांचे २०, भाड्याचे १३ आणि ॲक्शनचे ३४. दोन ते पाच जण खेळू शकतात. पत्ते पिसून प्रत्येकाला ५ वाटायचे. आपली पाळी आली की गड्डीतून २ उचलायचे आणि जास्तीत जास्त ३ खेळायचे: पैसे ठेवा, जागा मांडा नाहीतर ॲक्शनचा पत्ता टाका. पाळी संपताना हातात ७ पेक्षा जास्त पत्ते नकोत. वेगवेगळ्या रंगांचे ३ पूर्ण सेट ज्याचे आधी झाले, तो जिंकला.

पत्त्यांवर सगळं इंग्रजी. म्हणून मुलांनीच मराठी नावं पाडली. 'जस्ट से नो' झालं 'साफ नाही', 'डील ब्रेकर' झालं 'डाव मोडला', 'पास गो' झालं 'पुढे चला', आणि 'डेट कलेक्टर' झालं 'वसुली'. ही शेवटची तीन अक्षरं पुढे महागात पडली.

आता युक्त्या. पहिली पैशांची, आणि हीच मुलांच्या गळी उतरायला सगळ्यात कठीण. मुलं जागेचा पत्ता आला की लगेच मांडतात, कारण जिंकायला जागाच लागतात. पैशांचा पत्ता त्यांना कंटाळवाणा वाटतो. पण देणं आलं की ते समोर मांडलेल्यातूनच द्यावं लागतं, हातातल्या पत्त्यांतून देता येत नाही. आणि सुट्टे परत मिळत नाहीत! वाढदिवसाचे २ द्यायचे आहेत आणि तुमच्यापुढे फक्त ५ ची नोट आहे, तर ५ गेले. १० ची एकच मोठी नोट ठेवून ऐटीत बसलेला गडी पहिल्याच वाढदिवसाला रिकामा होतो. म्हणून आधी २-३ लहान नोटा खाली, मग जागा. पाचवी-सहावीच्या वर्गात यावर एक चांगलं उदाहरण होतं: १ च्या ६ नोटा, २ च्या ५, ३ च्या ३, ४ च्या ३, ५ च्या २ आणि १० ची १, तर खेळात एकूण पैसा किती? उत्तर ५७ येतं. मग लगेच दुसरा प्रश्न टाका. पाच जणांत तो सारखा वाटला तर प्रत्येकाला किती, आणि प्रत्यक्षात तो सारखा का राहत नाही?

ॲक्शनचा पत्ताही पैसे म्हणून ठेवता येतो. 'डाव मोडला' ची किंमत ५ आहे. पण एकदा पैशांत गेला की तो पैसाच, परत करामत करता येत नाही. हातात दुसरं काही नसताना तो पैशांत टाकायचा की जपून ठेवायचा, यावर मुलं जेवढा विचार करतात तेवढा माझ्या शाब्दिक उदाहरणांवर कधी करत नाहीत. असो.

दुसरी युक्ती, महाग रंगाचा मोह सोडा. गडद निळ्याच्या पूर्ण सेटचं भाडं ८ आणि तपकिरीचं अवघं २, त्यामुळे सगळे गडद निळ्यामागे धावतात. पण जिंकताना दोघांची किंमत सारखीच, एक सेट. तपकिरी, गडद निळा आणि वीज-पाणी हे सेट दोन-दोन पत्त्यांतच पूर्ण होतात. रेल्वेला चार लागतात, बाकीच्यांना तीन. तपकिरीवर कुणाची नजर जात नाही, म्हणून तो निवांत टिकतो.

तिसरी, सगळं उघड मांडू नका. दोन सेट पूर्ण दिसले की सगळे तुमच्यावरच तुटून पडतात. शेवटचे पत्ते हातात दाबून ठेवा आणि एकाच पाळीत तीन खेळून संपवता येईल तेव्हाच काढा. 'पुढे चला' मात्र दाबून ठेवू नका. एक खर्चून दोन मिळतात आणि ते १० आहेत, सुरुवातीलाच वापरा.

'साफ नाही' फक्त ३ आहेत आणि 'डाव मोडला' २. वाढदिवसाचे दोन रुपये वाचवायला 'साफ नाही' खर्च करणारा हमखास पस्तावतो, कारण पुढे त्याचा पूर्ण सेटच उचलला जातो. टाकलेल्या पत्त्यांवर लक्ष ठेवायला शिकवा. दोन्ही 'डाव मोडला' पडून गेले असतील, तर गड्डी पुन्हा पिसली जाईपर्यंत पूर्ण सेट बिनधास्त मांडता येतो. संभाव्यतेचा धडा यापेक्षा सोपा मला तरी माहीत नाही. आणि हो, कुणाचं काय उचलायचं हे मैत्री-भांडणावरून ठरवू नका, कोण जिंकण्याच्या जवळ आहे ते बघा. (आम्ही शिक्षक खेळायला बसलो की हा नियम पहिल्या फेरीतच मोडतो.)

आता ती मोठी युक्ती. हातात भाड्याचा पत्ता आला की लगेच मागू नका. समोरच्याचे पैसे संपेपर्यंत थांबा. आधी वाढदिवस टाकून त्याच्या नोटा काढून घ्या, मग वसुली, मग भाडं. पैसे नसले की त्याला जागा द्यावी लागते. कुठली द्यायची हे तो ठरवतो, पण द्यावीच लागते, आणि ती थेट तुमच्या बाजूला येते. जिंकणाऱ्याला याहून जवळची वाट नाही.

ही युक्ती मी फळ्यावर आकृती काढून मोठ्या हौसेने शिकवली. पुढच्या डावात एका मुलाने ती जशीच्या तशी वापरली. "वसुली!" म्हणून पत्ता आपटला. समोरच्या मुलीकडे नोटा नव्हत्या. तिने जागेचा पत्ता सरकवला आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "आमच्या आबाचं वावर असंच गेलं. पैसा नव्हता म्हणून."

मला काही बोलता आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मी डबा कपाटात ठेवला आणि दोन आठवडे काढला नाही. ती माझी दुसरी चूक. डबा कधी काढणार, हे सगळ्यात आधी त्या मुलीनेच विचारलं. तिला खेळ बंद नको होता. तिला पुढच्या वेळी जागा जाऊ द्यायची नव्हती.

तेव्हापासून डाव संपल्यावर दहा मिनिटं राखून ठेवतो. खेळातला व्यवहार आणि गावातला व्यवहार शेजारी ठेवून बघतो. फार मोठं काही नाही, पण मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. "दोनच्या देण्यात चारची जागा गेली, वरचे दोन कुठं गेले?" हा प्रश्न एका चौथीतल्या पोराचा. खेळात उत्तर सोपं आहे, सुट्टे देत नाहीत. खऱ्या व्यवहारात त्या वरच्या दोनाचा हिशेब मागता येतो, आणि तो मागायचा असतो, हे सांगायला मला खेळाने जागा करून दिली. सोसायटीचं पीक कर्ज आणि खाजगी सावकाराची उचल यात फरक काय, हे घरी विचारून या, असा गृहपाठ देता येतो. मात्र कुणाच्या घरात किती कर्ज आहे हे वर्गात विचारू नका, कुणी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या.

मोठ्या वर्गांना आणखी पुढे नेता येतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि ते लोण इतर गावांत पसरलं. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. त्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. बेकायदा सावकारीतून जमीन बळकावल्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे करता येते, आणि चौकशीत ते खरं ठरलं तर व्यवहार रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. आपल्यापैकी किती शिक्षकांना हे माहीत आहे? मलाही नव्हतं, मुलांसमोर उभं राहायचं म्हणून वाचलं.

आणि या खेळाचं मूळच मुळी असं आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम' चं पेटंट घेतलं. जमीनमालक भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळता खेळता दिसावं, हा त्यांचा हेतू. त्यांनी दोन प्रकारचे नियम केले होते: एकात एकजण सगळ्यांना बुडवतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचाच फायदा होतो. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने 'मोनोपॉली' बाजारात आणली ती बुडवण्याच्या नियमांची. मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले.

यावरून आम्हीही दुसरा नियम करून पाहिला. देण्यात जागा द्यायची नाही. पैसे नसतील तर उधारी वहीत लिहायची आणि पुढच्या पाळ्यांत फेडायची. डाव भलताच लांबला, दोनदा तासिका संपली तरी निकाल नाही. "सर, यात मजा नाही," मुलांनी तोंडावर सांगितलं, आणि खेळ म्हणून ते खरंच आहे. पण त्या दिवशी कुणाचीच जागा गेली नाही, आणि वहीतल्या उधारीची बेरीज करायला सगळे वाकून बसले होते.

विकतचा डबा घ्यायलाच हवा असं नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा कॅट मुलं दोन शनिवारांत तयार करतात. चार रेल्वेच्या पत्त्यांवर आम्ही पैनगंगेपलीकडची स्टेशनं घेतली: हिमायतनगर, भोकर, मुदखेड, किनवट. गडद निळ्याच्या दोन जागा कुणाला द्यायच्या यावरून मोठा वाद झाला. शेवटी मतदान घेतलं. ढाणकी आणि बिटरगाव निवडून आले, उमरखेड थोडक्यात पडलं. जिल्ह्याचं ठिकाण लांब पडतं म्हणून यवतमाळ तपकिरीत गेलंय.