डब्यावर शक्ती, डब्यात साखर

पोस्ट जरा मोठी आहे, पण घरात शाळेत जाणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सिन्नरला माझं किराणा दुकान आहे. परवा विड्या वळणाऱ्या एक ताई आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगं लई बारीक आहे. दुधात टाकायची ती चॉकलेटी पावडर द्या, मोठा डबा द्या." त्यांची दोन दिवसांची मजुरी माझ्या गल्ल्यात पडली. मी काही बोललो नाही. रात्री तसाच एक डबा घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि स्वतःचीच लाज वाटली.

नियम साधा आहे. जो घटक जास्त, तो यादीत आधी येतो. आता घरचा डबा उलटा करा आणि साखर कितवी आहे ते बघा. कोको बिचारा साखरेच्या मागे उभा असतो.

2023 मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, तर त्यालाच कायदेशीर नोटीस गेली! व्हिडिओ काढावा लागला. पण त्याच वर्षाअखेरीस कंपनीने 100 ग्रॅममधली वरून घातलेली साखर 37.4 वरून 32.2 ग्रॅमवर आणली. काहीच चुकीचं नव्हतं, तर कमी का केली? आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या नावाला पैसे मोजले, ते नाव कायद्यात नव्हतंच.

काही जण म्हणतील, कोको तब्येतीला चांगला असतो. असेल ना! मेक्सिकोकडचे माया आणि अ‍ॅझ्टेक लोक तो कडूच प्यायचे, कधी मिरची घालून. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथे त्यात साखर पडली. 1828 मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेनने चरबी दाबून काढून पावडर करायची युक्ती शोधली. कोकोतले फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांना उपयोगी, हे खरं आहे. पण पावडर सौम्य करायला अल्कली वापरली की त्यातले बरेच नष्ट होतात. अमेरिकेत 21 हजारांवर वयस्कर लोकांवर मोठी चाचणी झाली, निकाल 2022 मध्ये आले. हृदयविकाराच्या एकूण घटना ठामपणे कमी झाल्या नाहीत, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. पण त्यांना दिली होती कोको अर्काची कॅप्सूल. साखरेचा डबा नव्हे! कोकोचे गुण सांगून साखर विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

"पण त्याशिवाय पोरगं दूधच पीत नाही," हे मी रोज ऐकतो. अहो, सवय कोणी लावली? वीस ग्रॅम पावडरीत सव्वासहा ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे दीड चमचा. वरून आई आणखी दोन चमचे घालते. मग साधं दूध कसं गोड लागणार?

ताकदच पाहिजे ना? इगतपुरी, पेठ, सुरगाण्याची नागली आपल्याच जिल्ह्यात पिकते. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिची पेज, सोबत शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडं. कोकोच हवा तर बिनसाखरेचा आणा, कपाला एक चमचा बास. गुळाने गोड केलात तरी बेताने, गूळही साखरच आहे.

माझी मागणी एकच. साखर किती, हे डब्याच्या पुढच्या बाजूला, ताकदीच्या दाव्याएवढ्याच मोठ्या अक्षरात मराठीत छापा. इंग्रजी न वाचणाऱ्या आईने काय भिंग घेऊन यायचं?

तोवर मी माझ्यापुरतं केलंय. त्या डब्यांशेजारी पाटी लावली आहे: 'हे औषध नाही, टॉनिक नाही. मागची बाजू वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो.' नागलीचं पीठ पुढे आणून ठेवलंय. धंदा थोडा बसेल, बसू दे. त्या ताई पुन्हा आल्या की आधी त्यांना वाचून दाखवणार आहे.

पटलं तर शाळेच्या पालक ग्रुपवर टाका. नाही पटलं तर घरचा डबा उलटा करा आणि मग भांडायला या.