औषध की सौंदर्यप्रसाधन?

वर्णहीनता, म्हणजेच अल्बिनिझम, याविषयी आपल्या समाजात अज्ञान फार. कोड आणि वर्णहीनता यांची सर्रास गल्लत होते. वस्तुतः हा जन्मजात, आनुवंशिक दोष असून तो संसर्गजन्य नाही. शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरेसे तयार होत नाही. परिणामी त्वचेला उन्हापासून संरक्षण राहत नाही, कर्करोगाचा धोका वाढतो आणि दृष्टीही अधू राहते. चष्म्याने ती पूर्णतः सुधारत नाही.

ऊन सर्वांवर सारखेच पडते, पण सावली सर्वांना सारखी मिळत नाही. कचेरीतील नोकरदार दुपार टाळू शकतो. शेतमजुराला आणि बांधकामावरील कामगाराला ती मुभा नाही. ज्याला संरक्षक मलमाची गरज सर्वाधिक, त्यालाच ते परवडत नाही.

अशा वेळी शासन काय करते? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत वर्णहीनतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. दृष्टिदोष ४० टक्के भरला तर सवलती मिळतात, न भरला तर नाही. त्वचेची हानी त्या मोजणीत धरलीच जात नाही. करव्यवस्थेच्या लेखी तर हे मलम सौंदर्यप्रसाधन! सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली, तेव्हा चेहऱ्याची पावडर ५ टक्क्यांवर आली. मलमावरील १८ टक्के मात्र कायम राहिले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते योग्यच. परंतु तो कर्करोग टाळणाऱ्या मलमासाठी त्यात तरतूद नाही. याला काटकसर म्हणता येत नाही.

श्रीमंत राष्ट्रांचे दाखले देण्याची गरज नाही. केनियात शासकीय निधीतून हे मलम मोफत वाटले जाते. टांझानियातील मोशी येथे ते स्थानिक पातळीवर तयार होते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून हे मलम मोफत द्यावे, त्यावरील कर रद्द करावा, त्वचेची नियमित तपासणी व्हावी आणि शाळकरी मुलांना भिंगे व मोठ्या अक्षरांतील पुस्तके मिळावीत. पैसा कोठून आणायचा, हा नेहमीचा प्रश्न येथे गैरलागू आहे. लाभार्थी थोडे, म्हणून खर्चही थोडा. मात्र लाभार्थी थोडे म्हणून त्यांची मतेही थोडी, आणि उपेक्षेचे खरे कारण तेच आहे. मतांच्या संख्येवर आरोग्याचा हक्क ठरवणाऱ्या शासनाला कल्याणकारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.