धाब्याखालची किंमत

रेडी रेकनरचे दर तीन वर्षांनी वाढले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातील नगरपालिका आणि नगरपंचायत क्षेत्रांत ही वाढ सरासरी ४.९७ टक्के. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावात तिचा अर्थ एवढाच, की मुद्रांक शुल्क वाढले. घराची खरी किंमत सरकारी तक्ता ठरवत नाही. ती ठरते रस्त्यावर आणि कागदावर.

सुरत-नागपूर महामार्गालगत बिनशेतीचा प्लॉट घेणाऱ्याला बँक दारात उभे करते. जुन्या गावठाणातले धाब्याचे घर बघा: सागाचे खण, दोन हात जाडीची मातीची भिंत, धाब्यावर खारी माती. भर उन्हाळ्यात आत गारवा. पण उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस सात-आठ. कोणी नाशिकला, कोणी सुरतेला. वाटणी होत नाही, डागडुजी कोण करणार? एका पावसाळ्यात धाबे खचते आणि घराला कुलूप. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली, त्यात अशी किती असतील!

पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला शहरी भागात केंद्र-राज्य मिळून अडीच लाख मिळतात. जागा नावावर असेल तर. म्हणून नव्या लेआउटच्या मंजुऱ्यांइतकीच घाई नगरपंचायतीने आणि भूमी अभिलेख खात्याने गावठाणातल्या वारसनोंदींची करावी. त्यासाठी गल्लोगल्ली शिबिरे घ्यावीत, तीही दिवाळीत, बाहेरगावचे भाऊ घरी असताना.