मामीचा पटायाचा फोटो

बँकॉकला जाऊन आलो असं म्हटलं की आपल्याकडे पुरुषमंडळी एक डोळा बारीक करतात. माझ्या बाबतीत काय करावं ते त्यांना कळत नाही. मी गे आहे हे ऑफिसात आणि घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे बिचारे अर्धाच डोळा बारीक करून "मसाज वगैरे केलास की नाही?" एवढंच विचारतात. केला. पायाचा. चालून चालून पिंडऱ्या भरून आल्या होत्या.

ही गोष्ट जानेवारी २०२५ची. लिहू की नको करत इतके दिवस गेले, कारण वाचणाऱ्यांत निम्मी मंडळी घरचीच आहेत आणि मामीबद्दल लिहायचं म्हणजे आधी मामीची परवानगी हवी. ती परवा मिळाली. ("लिही की, पण माझं वजन लिहू नकोस.")

आम्ही दोघं गेलो होतो. दुसरा म्हणजे माझा जोडीदार. त्याला मी इथे 'साहेब' म्हणणार आहे, कारण नाव छापायला त्याची सक्त मनाई आहे. त्याची रजा नेमकी त्याच आठवड्यात मंजूर झाली म्हणून आम्ही तेव्हा गेलो, इतिहास बिघडवायला किंवा घडवायला नव्हे. पण २३ जानेवारी २०२५, गुरुवार, या दिवशी थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना लग्न नोंदवता येणारा कायदा लागू झाला. आग्नेय आशियातला असा पहिलाच. आणि आम्ही आपले तिथे, तोंडाला मास्क बांधून.

मास्क करोनाचा नाही हो, धुराचा. त्या आठवड्यात बँकॉकची हवा दिल्लीशी स्पर्धा करत होती. शेकडो शाळा बंद ठेवल्या होत्या आणि २५ तारखेपासून आठवडाभर बस, मेट्रो, बीटीएस सगळं फुकट केलं, म्हणजे लोक गाड्या घरी ठेवतील. सकाळी हॉटेलात पेपर उघडला की एकीकडे लग्नं आणि दुसरीकडे पीएम २.५. मला स्थानिक पेपर वाचायची जुनी खोड आहे. कुठल्याही गावाला गेलो की बघायच्या ठिकाणांपेक्षा तिथले लोक कशावरून चिडलेत ते मला आधी हवं असतं. तर बँकॉककर लग्नांवरून अजिबात चिडले नव्हते, धुरावरून चिडले होते. हे मला फार आवडलं. सियाम पॅरागॉन या टोलेजंग मॉलमध्ये मोठा सोहळा झाला, पहिल्याच दिवशी देशभरात अठराशेहून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली, आणि शहराची मुख्य काळजी काय, तर पोरांच्या छातीत कफ होतोय.

आम्ही उतरलो होतो सिलोमला. दिवसा बँकांचा रस्ता, संध्याकाळी पाटपोंगचा बाजार, आणि सिलोमच्या सोय ४ नावाच्या गल्लीत गे बार. सोय म्हणजे गल्ली. (आपल्याकडे 'सोय' म्हणजे जे, ते तिथे गल्लीगल्लीत मिळतं, हा विनोद साहेबांचा. मी हसलो नाही.) गंमत म्हणजे त्याच सिलोम रस्त्यावर थोडं पुढे गेलं की मारिअम्मनचं देऊळ आहे, एकोणिसाव्या शतकात तमिळ लोकांनी बांधलेलं. थाई लोक तिथे झेंडूच्या माळा घेऊन रांगेत उभे असतात. आम्ही आधी देवीला जाऊन आलो आणि मग बारला. क्रम चुकवला नाही, आई वाचत असेल तर तिच्या माहितीसाठी.

अशा बारमध्ये पहिल्यांदा गेलेल्या भारतीय माणसाचं काय होतं ते सांगतो. पहिली दहा मिनिटं तो दाराकडे बघत असतो. मग त्याच्या लक्षात येतं की कुणीच बघत नाहीये. साहेबांनी टेबलावर माझा हात धरला, आणि मी सवयीने काढून घेतला. मग परत ठेवला. बारा वर्षं एकत्र राहून उघड्यावर हात धरायला आम्हाला तीन हजार किलोमीटर लांब यावं लागलं, याचा आनंद मानावा की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण माझं मत विचाराल तर, पर्यटकाला मिळणारं स्वातंत्र्य हे फार फसवं असतं. ते विकत घेतलेलं असतं. थायलंडमध्ये समलिंगी संबंध १९५६ सालापासून गुन्हा नाहीत. आपल्याकडे २०१८ उजाडावं लागलं. त्यांच्या पर्यटन खात्याने तर २०१३च्या सुमारास 'गो थाय, बी फ्री' अशी मोहीमच काढली होती, खास आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी. या, मोकळे व्हा, डॉलर खर्च करा. आणि त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या नागरिकाला जोडीदाराच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायचा हक्क नव्हता! पाहुण्याला पंचपक्वान्नं आणि घरच्या सुनेला शिळं, असला प्रकार.

बारमधला वेटर पोरगा ईसानचा, म्हणजे ईशान्येकडच्या गरीब भागातला. अशी कितीतरी पोरं तिथून येतात. गर्दी कमी होती म्हणून बोलला. मी हौसेने विचारलं, आता कायदा झाला, तू लग्न करणार का? तो म्हणाला, आधी भिक्खू व्हायचंय. तिकडे मुलाने थोडे दिवस तरी चीवर घालावं, त्याचं पुण्य आईला मिळतं असं मानतात. आईला माहीत आहे का, विचारलं. म्हणाला, माहीत आहे, पण दर महिन्याला पैसे पाठवतो ना, म्हणून ती काही म्हणत नाही. अगदी सहज बोलला आणि दुसऱ्या टेबलावर गेला. मला आमच्या ओळखीची तीन-चार मुलं आठवली, साताऱ्याकडची, नगरकडची. तीही घराचं कर्ज फेडून गप्पपणा विकत घेतात.

आता मामी.

६ सप्टेंबर २०१८ला ३७७चा निकाल आला त्या रात्री मी घरी सांगितलं होतं. काय झालं ते पुन्हा लिहीत नाही, जुन्या वाचकांना पाठ आहे. त्याच डिसेंबरात मामा-मामी टूरबरोबर बँकॉक-पटायाला गेले. आमरस-पुरीसकट सगळी सोय. आणि कार्यक्रमात, सहकुटुंब, तो प्रसिद्ध कॅबरे शो. टिफनीज तिथे १९७४पासून चालू आहे, तसे आणखीही आहेत. रंगमंचावर सगळ्या ट्रान्स स्त्रिया. तिकडे त्यांना 'कथोय' म्हणतात. पिसांचे मुकुट, जिने, कारंजी, मध्येच एखादं हिंदी गाणंही लावतात. शो संपला की त्या बाहेर येऊन उभ्या राहतात आणि शंभर बाट देऊन फोटो काढायचा. मामीने दोघींच्या मध्ये उभं राहून काढला. परत आल्यावर मला बाजूला बोलावून मोबाईल दाखवला आणि हळूच म्हणाली, "हे बघ, तुझ्यातले."

त्या दिवशी मी भयंकर चिडलो होतो. मी पुरुष आहे, मला पुरुष आवडतो. त्या बायका आहेत. एवढा साधा फरक कळत नाही? आणि दुसरं म्हणजे, हीच मामी स्वारगेटच्या सिग्नलला तृतीयपंथी दिसली की गाडीची काच वर करते. पटायात शंभर बाट आणि गळ्यात गळा, पुण्यात दहा रुपये आणि काच वर. असं मी तिला म्हणालोही. ती रडली.

आज वाटतं, काय मिळवलं मी? ती बिचारी तिच्या परीने पूल बांधत होती, नकाशा चुकीचा होता एवढंच. आणि खरं सांगायचं तर सिग्नलला काच मीही वर करतो. 'आपल्यातल्या' गरीब लोकांपासून लांब राहायची आम्हा इंग्रजी शाळेतल्या गे लोकांना भारी हौस असते.

या कथोयबद्दल आपल्या टूरवाल्यांचा आणखी एक गैरसमज. "तिकडे त्यांना काऽही त्रास नाही हो." दर एप्रिलला थायलंडमध्ये सैन्यभरतीची सोडत असते. एकवीस वर्षांच्या पोरांनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची. लाल निघाली तर सैन्यात, काळी निघाली तर घरी. कागदावर 'श्री' असल्यामुळे ट्रान्स मुलींनाही तिथे हजर व्हावं लागतं, आणि पेपरवाले दरवर्षी न चुकता त्यांचेच फोटो छापतात, लांब केस, लिपस्टिक, शेजारी गणवेशातला अधिकारी. त्यांना सूट मिळते खरी, पण २०११मध्ये कोर्टाने बदल करायला लावेपर्यंत त्या दाखल्यावर कारण काय लिहायचे? कायमचा मानसिक आजार. नोकरी मागायला गेलं की तो दाखला दाखवायचा! आणि लग्नाचा कायदा झाला तरी कागदावरचं 'श्री' बदलायची सोय नाही. तसं एक विधेयक फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या संसदेने फेटाळलं.

खेळातही तेच. राजादम्नर्न स्टेडियमला मुए थाय बघायला गेलो. १९४५चं आहे. साहेबांना मारामारी बघवत नाही, त्यामुळे ते निम्मा वेळ डोळे झाकून होते. मला मात्र कोल्हापूरच्या मैदानाचीच आठवण झाली. कुस्तीच्या आधी हलगी, तशी इथे सनईसारखं वाद्य, झांज आणि ढोल. आपला पैलवान माती कपाळाला लावतो, तर हा गुरूला वंदन म्हणून रिंगणभर संथ नाच करतो. वरच्या बाकांवर पैजा लावणारे बोटांच्या खुणांनी ओरडत असतात. या खेळात नोंग तूम नावाची एक मुलगी होऊन गेली. म्हणजे जन्माने मुलगा. १९९८मध्ये लुम्पिनीच्या रिंगणात ओठ रंगवून उतरायची, समोरच्याला लोळवायची आणि वर त्याचा मुका घ्यायची. ऑपरेशनसाठी पैसे साठवत होती. १९९९ला ऑपरेशन झालं आणि गंमत बघा, बाई झाल्याबरोबर लुम्पिनीचं रिंगण तिला बंद! बाईने रिंगणाला शिवायचं नाही असा तिथला दंडक. तिथे बायकांची पहिली लढत झाली ती थेट २०२१मध्ये. सोवळं-ओवळं फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

असो. मला सगळ्यात जास्त आवडलेलं ठिकाण मात्र मसाजचं नाही, बारचं नाही, देवळाचंही नाही. बांग राक जिल्हा कचेरी. सिलोम याच जिल्ह्यात येतं. 'राक' म्हणजे प्रेम, त्यामुळे व्हॅलेंटाइन डेला लग्न नोंदवायला तिथे झुंबड उडते. आम्ही गेलो शुक्रवारी, २४ला. आदल्या दिवशीचे कॅमेरे निघून गेले होते. साठीच्या दोन बायका बसल्या होत्या, रेशमी कपडे, हातात झेरॉक्सचं पाकीट. बरोबर दोन साक्षीदार. समोरची बाई अगदी आपल्या तहसीलमधल्यासारखी. चष्मा नाकावर, ओळखपत्र पाहिलं, इथे सही, तिथे सही, हा झेरॉक्स पुसट आहे, दुसरा आणा. तिच्या चेहऱ्यावर ना कौतुक, ना तिरस्कार. शुद्ध सरकारी कंटाळा. मी त्या कंटाळ्याकडे बघत राहिलो. आजवर आमच्याकडे बघून कुठल्याही सरकारी माणसाला एवढा कंटाळा आलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी साहेबांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "घरचं कोणी नाही का?" रात्री अडीचला नाशिकहून त्याचा भाऊ निघाला, सकाळी सहाला पोचला आणि सही केली. भाऊ सज्जन आहे म्हणून आला. न येता तर? १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाकारला तेव्हाही आम्ही हाच विचार करत होतो, आणि फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या त्या ९ जानेवारी २०२५ला, आमच्या विमानाच्या जेमतेम दहा दिवस आधी. ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आम्हाला आडकाठी नाही. ते खातं उघडलं आहे. तेवढ्यावर तूर्त संसार.

परत आल्यावर मामीकडे गेलो, सुकवलेले आंबे घेऊन. त्या दोघी बायकांचा, सही झाल्यावर त्यांना विचारून काढलेला फोटो दाखवला. मामीने मोठा करून बघितला. आधी रेशमाचा भाव विचारला. मग जरा वेळाने म्हणाली, "अरे, आमच्या त्या फोटोतल्या पोरींना पण करता येतं का आता लग्न?"

म्हटलं, येतं. पण कागदावर त्या अजून 'श्री'च.

"म्हणजे?"

सांगितलं सगळं, चिठ्ठीचं, दाखल्याचं. मामीने तिच्या फोनमध्ये खालपर्यंत जाऊन तो २०१८चा फोटो शोधला. बराच वेळ लागला, मधे नातवंडांचे हजारभर होते. सापडल्यावर चष्मा लावून बघत बसली.

"नाव विचारायला हवं होतं रे," म्हणाली. "शंभर बाट दिले आणि नाव नाही विचारलं."