आईच्या डब्यावर ठपका कशाला?



बालकर्करोगावरच्या सल्ल्यांचा मोबाईलवर नुसता पूर आला आहे. नूडल्स बंद करा, प्लॅस्टिकचा डबा फेका, उशाशी फोन नको. तब्येतीला हे बरेच, पण वाचणाऱ्याच्या मनात उरते एवढेच की आई चुकली म्हणून पोर आजारी पडले. मोठ्यांच्या कर्करोगामागे तंबाखू-दारूचा वर्षानुवर्षांचा हिशेब असू शकतो. तीन वर्षांच्या पोराला कसले आले व्यसन? जागतिक आरोग्य संघटनेनुसार साधारण १० टक्के मुलांत आनुवंशिक कारण असते आणि उरलेल्या बहुतेकांत बोट ठेवावे असे काही सापडत नाही. हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्हीची लस, गरज नसताना सीटी स्कॅन न करणे, घरात विडी-सिगारेट न ओढणे, एवढ्यावर पालकांच्या हातातली यादी जवळजवळ संपते.

‘मग गप्प बसायचे का?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुले बरी होतात, अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. ही ८० आणि ३० मधली दरी डब्यातल्या पोळीभाजीने पडलेली नाही. उशिरा झालेल्या निदानाने आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांनी पडली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडी-शाळेत तपासायच्या त्याच्या मूळ ३० आजारांत रक्तक्षय आहे, कर्करोग नाही. म्हणजे पोर पांढरेफटक दिसले की ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाची बाटली हातात पडण्याची भीती. त्याच पोराचा ताप उतरत नसेल, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठत असतील, तर रक्ताची साधी सीबीसी तपासणी करायला किती पैसे लागतात? फोटोत बुबुळ पांढरे चमकणे, पोटात गाठ लागणे, सकाळी डोके दुखून उलटी होणे ही लक्षणे अंगणवाडीच्या भिंतीवर एका कागदात मावतात. पुढे उपचाराच्या खर्चाला महात्मा फुले योजना आहे, पण रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगाराचा तेवढ्या काळात एकेका खाड्याला पगार कापला जातो, त्याची भरपाई कुठल्या योजनेत आहे?

‘प्रदूषणाचे काय?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. धुरातल्या बेन्झिनमुळे मोठ्यांना रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. मुलांबाबत धागा दिसतो, गाठ अजून पक्की बसलेली नाही. पण त्यासाठी थांबायचे कशाला? आणि हा धूर आवरणे आईच्या हातात नाही, महापालिकेच्या आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला. दापोडीत मुळेच्या काठी कचरा पेटतो तेव्हा यातला किती दंड वसूल झाला, हे पालिकेने प्रभागवार जाहीर करावे. जनजागृतीचे फलक त्यानंतर लावले तरी चालतील.

– एक वाचक, दापोडी