संगणक म्हातारा झाला, हे ठरवायचं कोणी?

आपल्याकडे विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्स या संगणक प्रणालीची बाजू मांडणाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकच मुद्दा रेटला : ते फुकट आहे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा मुद्दा कधी चाललाच नाही, कारण इथे विंडोजही जवळजवळ फुकटच मिळतं. जवळच्या दुकानात सीपीयू नेऊन द्यायचा आणि ‘फॉरमॅट मारून’ दुसऱ्या दिवशी परत आणायचा. काही शे रुपयांत विंडोज येतं, ऑफिस येतं, वर फोटोशॉपही येतं, आणि परवाना यातल्या कशाचाच नसतो. हे बेकायदा आहे असं सांगून कुणी ऐकत नाही. ‘इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं?’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. तेव्हा लिनक्ससारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरची बाजू मांडायची तर किमतीचा विषय बाजूला ठेवलेला बरा. हातातलं यंत्र किती वर्षं वापरायचं हे कोण ठरवणार, आणि ते अडलं तर वाट कोण काढणार, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

त्यातला पहिला प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ऐरणीवर आला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नियमित सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ दिली, पण तिच्यासाठी कंपनीचं खातं उघडून नोंदणी करावी लागते. विंडोज ११वर जावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह संगणक, ज्यावर आजही पावत्या छापल्या जातात आणि हिशेब होतात, तो कंपनीच्या लेखी निकामी. अशी यंत्रं या शहरात कुठे आहेत ते शोधावं लागत नाही : गृहनिर्माण सोसायट्यांची कार्यालयं, भाईंदर पूर्वेतले स्टीलच्या भांड्यांचे गाळे, खासगी क्लास, झेरॉक्सची दुकानं. ती बंद पडलेली नाहीत, म्हणूनच धोका कुणाला दिसत नाही. सोसायटीच्या एका संगणकात सभासदांच्या आधारच्या प्रती, भाडेकरारांचे कागद, भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे अर्ज आणि थकबाकीची यादी असं सगळं एकत्र पडलेलं असतं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आता तर अशी दुरुस्ती नोंदणी न केलेल्या यंत्रापर्यंत पोहोचणारच नाही.

‘मग नवा संगणक घ्या,’ हा सल्ला देणं सोपं आहे. पण २०२५ सरता सरता मेमरीच्या किमती भडकल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली. मायक्रॉनसारख्या कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात चालू स्थितीतला, आठ जीबी रॅम असलेला संगणक भंगारात घालणं हा शुद्ध तोटा आहे. शिवाय भंगारात घालायचा म्हणजे नेमका कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, पण व्यवहारात जुना सीपीयू दारावरच्या भंगारवाल्याकडे जातो आणि पुढे त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही. ज्या शहराने उत्तनच्या कचराभूमीचा धूर आणि त्यावरची आंदोलनं इतकी वर्षं पाहिली, त्याला हा प्रश्न परका वाटायला नको.

आता या यंत्रांवर प्रत्यक्षात काम काय चालतं ते पाहू. ईमेल, बँक, सातबारा, महावितरणचं बिल, पालिकेचा मालमत्ता कर, शाळेचे अर्ज हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. उरलं ते पत्र लिहिणं, तक्ता भरणं, पीडीएफ छापणं. या कामांना विंडोज लागत नाही. लिनक्स मिंट या लिनक्स आवृत्तीची २२ ही मालिका २०२४ साली आली आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तिची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला अनोळखी वाटत नाही. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचात वर्ड आणि एक्सेलच्या बहुतेक फाइली नीट उघडतात. गुंतागुंतीचे मॅक्रो असलेल्या तक्त्यांची मात्र खात्री देता येत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली की यंत्राच्या वेगात जो फरक पडतो तो नवा प्रोसेसर घेऊनही अनेकदा पडत नाही, आणि माझ्या मते लिनक्स टाका वा न टाका, हा खर्च आधी करावा.

बदल करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून पाहता येतं; हार्ड डिस्कला हात लागत नाही. ही सोय असूनही लोक थेट इन्स्टॉल करतात आणि मग प्रिंटर चालत नाही म्हणून बोटं मोडतात. प्रिंटरचा मुद्दा किरकोळ नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर घरोघरच्या मिक्सरइतका रुळलेला आहे, आणि नेमका तोच लिनक्सवर त्रास देतो. छापायचं पान तो कंपनीच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ पद्धतीने मागतो, आणि त्यासाठीचा ड्रायव्हर नव्या लिनक्सवर बसवणं हे जाणकाराचं काम आहे. याउलट एचपीचे बहुतेक प्रिंटर आणि गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर फारशी खटपट न करता ओळखले जातात. तेव्हा पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक पान छापून बघावं, वायफाय जोडून बघावं, आवाज येतो का ते बघावं. तिन्ही जमलं तर सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून मगच पुढे जावं. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील तर ते फाँटही सोबत घ्यावेत, नाहीतर वीस वर्षांची इतिवृत्तं निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन बसतील. मराठी टायपिंगची काळजी मात्र नको. इन्स्क्रिप्ट तर आहेच, शिवाय लिनक्सवरच्या ‘आयबस’ या टायपिंग व्यवस्थेच्या एम१७एन संचात उच्चाराप्रमाणे टाइप करायची ‘गमभन’ पद्धतही आहे.

लिनक्सवाले इथे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, ती सांगायला हवी : त्यांच्याकडेही सगळी यंत्रं कायमची सांभाळली जात नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीने ३२-बिट यंत्रांसाठीचं इन्स्टॉलर बंद केलं. वीसेक वर्षांपूर्वीचा ३२-बिट पेंटियम फोर कुणी जपून ठेवला असेल तर त्याला आता निरोप द्यावा. फरक एवढाच की हा निर्णय उघड चर्चेतून होतो, आणि कुणाला ती आवृत्ती पुढे चालवायचीच असेल तर तिचा कोड त्याला उपलब्ध असतो.

लिनक्सवरचा सर्वांत वजनदार आक्षेप टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आहे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. ग्नूकॅशसारखा पर्याय आहे, पण तुमच्या सीएला टॅलीचाच डेटा हवा असतो, आणि त्याच्याशी वाद घालून गाळेवाल्याच्या पदरी काहीच पडणार नाही. तीच गोष्ट आधारच्या अंगठा-यंत्रांची. त्यांची सेवा प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे, त्यामुळे आपले सरकार सेवा केंद्रचालकाला मी लिनक्सचा सल्ला देणार नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्याने आधी टोकनच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते विचारावं. पण या आक्षेपाचा अर्थ नीट लावला पाहिजे. यातली अडचण लिनक्सच्या कुवतीची नाही. अमुक काम फक्त विंडोजवरच होईल असं कुणीतरी ठरवून ठेवलं आहे, आणि ठरवणाऱ्यांमध्ये खुद्द सरकार आहे. केंद्राने २०१५ साली सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. तरी जीएसटी विवरणपत्रांचं ऑफलाइन साधन विंडोजपुरतंच बनलं. धोरण एका हाताने लिहायचं आणि साधन दुसऱ्या हाताने बनवायचं, असा हा कारभार. म्हणून व्यवहारात दोन यंत्रं असतील तर त्यातलं एक, टॅलीचं, परवाना घेऊन विंडोज ११वर न्यावं आणि दुसरं लिनक्सवर. सगळंच्या सगळं बदललं पाहिजे असा हट्ट धरणारे अखेरीस काहीच बदलू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप म्युनिकचा. जर्मनीतल्या त्या शहराने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. ‘जर्मनांना जमलं नाही, आपल्याला काय जमणार,’ असं त्यावरून म्हटलं जातं. पण तिथल्या अडचणींचा मोठा भाग पालिकेच्या विस्कळीत संगणक विभागांमुळे होता, आणि त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य आता सुमारे तीस हजार कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिसवर नेत आहे. आपल्याला उदाहरण हवं असेल तर जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. केरळने शालेय संगणक शिक्षण या शतकाच्या पहिल्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं, आणि आज ‘काइट’ ही राज्याची संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते. त्यांनी सॉफ्टवेअरसोबत माणसंही तयार केली : शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, आणि २०१८पासून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळं शाळाशाळांत उभी केली. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकावर बसवलं, हे मोठंच काम. पण त्यात ‘संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस’ हे समीकरणही घराघरांत पोहोचलं. आजचा दुरुस्तीवाला त्याच समीकरणात वाढला आहे. लिनक्स त्याला अवघड जातं असं नाही. त्याच्याकडे कुणी ते मागत नाही, म्हणून तो शिकत नाही, आणि तो शिकत नाही म्हणून कुणी मागत नाही.

ही कोंडी फुटली नाही तर मुक्त सॉफ्टवेअर हौशी लोकांच्या घरीच राहणार. शिकायची साधनं मात्र हाताशी आहेत. पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत देतो. भाईंदरहून पवई काही लांब नाही, आणि धड्यांसाठी तिथवर जावंही लागत नाही.

परावलंबनाची किंमत काय असते ते जुलै २०२५मध्ये नायरा एनर्जीने पाहिलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या या तेल कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांचा हवाला देत एकाएकी थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. सोसायटीच्या कार्यालयावर कुणी निर्बंध घालणार नाही हे खरं. पण पैसे मोजूनही चावी दुसऱ्याच्याच खिशात असते, एवढं त्या प्रकरणाने दाखवलं. यावर स्वदेशी सॉफ्टवेअर हा उतारा सुचवला जातो, केंद्र सरकारची ईमेलही झोहोकडे गेली आहे. झोहो भारतीय आहे, उत्तम आहे, पण मुक्त स्रोत नाही. तिथे चावी चेन्नईला असते, इतकाच फरक.

नायराचं प्रकरण घडलं त्याच जुलै २०२५मध्ये मीरा रोडला मराठीवरून मोर्चे निघाले. दुकानात मराठी बोलली जावी, हा आग्रह संगणकाच्या पडद्याशी येऊन थबकतो. विंडोजमध्येही मराठी मेनू आहेत, पण त्यातला एखादा शब्द चुकीचा वाटला तर तक्रार करून वाट पाहायची. ग्नोमसारख्या मुक्त डेस्कटॉपवरचं मराठी भाषांतर एकेकाळी पुण्यातल्या मंडळींनी चांगलं पुढे नेलं होतं. नंतर ओघ आटला, आणि आज मेनूत मध्येच इंग्रजी वाक्यं दिसतात. ती भरून काढायला कुणाची परवानगी लागत नाही, एखाद्या महाविद्यालयाचा मराठी विभागसुद्धा हे काम उचलू शकतो.

महापालिकेकडून अपेक्षा ठेवायची तर मोठ्या घोषणेची नको, निविदेतल्या दोन-तीन अटींची हवी. पालिकेच्या शाळांतले विंडोज १०चे संगणक मोडीत काढण्याआधी त्यांवर लिनक्स चालवून पाहणं बंधनकारक करावं. यापुढे जो प्रिंटर घेतला जाईल तो वेगळ्या ड्रायव्हरविना लिनक्सवर छापणारा असावा. आणि देखभालीचं कंत्राट देताना लिनक्स सांभाळू शकणारा निदान एक तंत्रज्ञ कंत्राटदाराकडे असावा. शेवटची अट घातली की त्या तंत्रज्ञाला कंत्राटाबाहेरचं कामही मिळू लागेल, आणि सोसायटीचा सेक्रेटरी त्याच्याकडे सीपीयू घेऊन जाईल तेव्हा ‘फॉरमॅट मारू का?’ याआधी ‘यावर काम काय करता?’ असं विचारलं जाईल.