देणगीची पावती आणि दाराची कडी

दुर्गम डोंगराळ भागात शाळा बांधून देणे हे आता नागरी सद्भावनेचे प्रतिष्ठित लक्षण होऊन बसले आहे. कांदिवलीसारख्या सुशिक्षित उपनगरात या सद्भावनेला मुळीच तोटा नाही. ठाकूर व्हिलेज असो वा लोखंडवाला, चारकोप असो वा महावीरनगर. पूर्वांचलातील किंवा काश्मीरमधील शाळेसाठी आवाहन झाले की हात सैल सुटतात, दप्तरे आणि वह्या गोळा होतात, धनादेश लिहिले जातात. या औदार्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या गावासाठी हा निधी जातो, त्याच गावची मुलगी उद्या नोकरीसाठी मुंबईत आली आणि याच संकुलात भाड्याने घर मागू लागली, तर तिला कोणते उत्तर मिळेल? पावती फाडताना हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि देणगीची खरी परीक्षा तर तेथेच होते.

भिंती बांधल्या म्हणजे शाळा झाली, या समजुतीचे काय होते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. ग्रेग मॉर्टेन्सन या अमेरिकन गिर्यारोहकाचे 'थ्री कप्स ऑफ टी' हे पुस्तक २००६ साली आले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. बाल्टिस्तानातील कोर्फे गावाशी जडलेली मैत्री आणि त्यातून उभ्या राहिलेल्या शाळा, अशी ती कथा होती. बाल्टिस्तान हा मूळच्या जम्मू-काश्मीर संस्थानाचा, १९४८ पासून पाकिस्तानने बळकावलेला प्रदेश आहे, याची जाणीव भारावलेल्या वाचकांपैकी कितीजणांना होती, हा प्रश्न वेगळाच. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने या शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. भेट दिलेल्या सुमारे ३० शाळांपैकी जवळपास निम्म्या रिकाम्या होत्या, दुसऱ्याच कोणी बांधलेल्या होत्या किंवा त्यांना संस्थेची मदत पोहोचतच नव्हती. ज्या लेखकाने आरंभी या कार्याला मोठी देणगी दिली होती, त्या जॉन क्राकॉअर यांनीच या कथेतील विसंगती चव्हाट्यावर मांडल्या. २०१२ साली मोंटाना राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीनंतर मॉर्टेन्सन यांना दहा लाख डॉलर्सहून अधिक रक्कम संस्थेला परत करणे भाग पडले. त्यांचा हेतू शुद्ध नव्हता, असे कोणी म्हणू नये. पण चहाच्या तीन पेल्यांत मैत्री होते आणि इमारतीत शिक्षण होते, ही कल्पनाच मुळी पाहुण्याची आहे. पाहुणा परत जातो. शिक्षकाला राहावे लागते.

राहण्याचा अर्थ काय, हे एका मराठी माणसाने दाखवून दिले आहे. शंकर दिनकर तथा भैयाजी काणे १९७१ साली मणिपूरला गेले आणि म्यानमारच्या सीमेलगतच्या उखरूल जिल्ह्यात, न्यू टुसोमसारख्या गावात शिक्षक म्हणून राहिले. भोवतालचा तांगखुल नागा समाज बहुतांशी ख्रिस्ती. भाषा वेगळी, अन्न वेगळे आणि दिल्लीविषयीचा अविश्वास खोलवर मुरलेला. अशा ठिकाणी काणे यांनी प्रथम इमारतीसाठी निधी मागितला नाही. जयंत कोंडविलकर या आपल्या शाळकरी विद्यार्थ्याला ते महाराष्ट्रातून सोबत घेऊन गेले होते. मराठी मुलगा तेथे डोंगरातल्या मुलांबरोबर शिकला आणि डोंगरातली मुले महाराष्ट्रात शिक्षणासाठी आली, मराठी कुटुंबांच्या ओळखीची झाली. आपले मूल दुसऱ्याच्या हाती सोपवण्याइतका विश्वास दोन्ही बाजूंनी निर्माण झाला, तेव्हा कोठे शाळांना अर्थ आला. १९९९ साली काणे यांचे निधन झाले. परंतु काम थांबले नाही. पूर्व सीमा विकास प्रतिष्ठानच्या रूपाने कोंडविलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेले.

याच उखरूलमध्ये विल्यम पेटिग्र्यू हा मिशनरी १८९६ साली पोहोचला होता. तो तेथे राहिला, तांगखुल भाषा शिकला, तिला लिपी दिली आणि शाळा काढली. त्याच्या धर्मांतराच्या उद्दिष्टावर टीका जरूर व्हावी. परंतु ती करणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. पेटिग्र्यू पोहोचल्यानंतर काणे पोहोचेपर्यंत पाऊणशे वर्षे लोटली. या काळात मैदानी भारतातून किती शिक्षक त्या डोंगरात वस्तीला गेले? जेथे आपला माणूस गेला नाही, तेथे परका गेला, ही तक्रार परक्याविरुद्ध कशी करता येईल? एकनाथजी रानडे यांनी हे नेमके ओळखले होते. कन्याकुमारीचे शिलास्मारक १९७० साली पूर्ण होताच ते सत्कार स्वीकारत बसले नाहीत. १९७२ साली विवेकानंद केंद्राची स्थापना झाली आणि १९७७ पासून अरुणाचलात केंद्राची विद्यालये सुरू झाली. दूरदूरच्या राज्यांतील तरुण शिक्षक तेथे गेले आणि मुलांसोबत निवासी शाळांतच राहिले. शाळा टिकल्या त्या यामुळे.

मुंबईला तर या मार्गाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९६६ पासून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या आंतरराज्य छात्र जीवन दर्शन उपक्रमातून पूर्वांचलातील विद्यार्थी देशभरच्या घरांत पाहुणे म्हणून येऊ लागले. या उपक्रमाची पायाभरणी करणारे पद्मनाभ आचार्य पुढे २०१४ ते २०१९ या काळात नागालँडचे राज्यपाल होते. वसतिगृहाची खोली न देता कुटुंबाच्या पंक्तीत ताट वाढायचे, हे या योजनेचे मर्म होते. मुंबईतील अनेक मध्यमवर्गीय घरांनी दोन खोल्यांच्या संसारातही ते सांभाळले.

आज घरे मोठी झाली आहेत. दारे मात्र अरुंद झाली आहेत. आडनाव, चेहरा, ताटातले अन्न आणि अविवाहितपण, या चार चाळण्यांतून भाडेकरू गाळला जातो, हे घरांच्या दलालांना विचारण्याचीही गरज नाही; ते आपणहून सांगतात. 'सोसायटीचा नियम आहे' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. वस्तुतः महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. संस्थेला कळवणे पुरेसे असते. तेव्हा हा नियम कागदावरचा नसून मनातला आहे.

या मनाचे परिणाम देशाने भोगले आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये केवळ अफवांमुळे ईशान्येतील हजारो तरुणांनी बंगळुरू आणि पुणे सोडले. इतक्या सहज ते का निघाले? कारण अडचणीच्या वेळी हाक मारावी असा शेजारी त्यांच्यापाशी नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या युवकाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीला देशाच्या राजधानीत आपल्याच नागरिकांच्या सुरक्षिततेचे उपाय सुचवावे लागले. ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटले. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे ६०,००० विस्थापित झाली आणि कित्येक शाळांचे निवारा छावण्यांत रूपांतर झाले. मेईतेई, कुकी, नागा अशा सर्वच समाजांतील तरुण त्यानंतर शिक्षणासाठी आणि पोटासाठी महानगरांकडे वळत आहेत. त्यांना या काळात भेटणारा भारत म्हणजे एखादा घरमालक, एखादा सचिव आणि एखादी शेजारीण.

निधीही लागतोच, हा आक्षेप रास्त आहे. पत्रे, सिमेंट आणि शिक्षकांचे वेतन सद्भावनेतून येत नाही. पण देशात एक लाखाहून अधिक शाळा एकाच शिक्षकावर चालतात, हे सरकारी आकडेवारीच सांगते. म्हणजे उणीव केवळ भिंतींची नाही, माणसांची आहे. आणि माणसे जोडण्याची जागा उखरूलइतकीच कांदिवलीतही आहे. उखरूलच्या शाळेत शिकलेली मुलगी कांदिवलीच्या दारातून परत पाठवली गेली, तर भारत आपला देश आहे हा त्या शाळेत शिकवलेला पहिला धडाच खोटा ठरतो. तो खोटा ठरवणारा हात आणि देणगीचा धनादेश लिहिणारा हात एकच असेल, तर त्या दानाला काय म्हणावे?

म्हणून डोंगरातल्या शाळेसाठी पुढचे आवाहन जेव्हा येईल, तेव्हा कांदिवलीतील गृहनिर्माण संस्थांनी निधी अवश्य द्यावा. पण त्याच सर्वसाधारण सभेत आणखी एक ठराव करावा. चेहरा, प्रांत वा आहार पाहून कोणत्याही भारतीयाला घर नाकारले जाणार नाही, असा तो ठराव असावा आणि तो सूचना फलकावर लावावा. दिवाळीत एका मणिपुरी वा नागा विद्यार्थ्याला घरी फराळाला बोलवावे. आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने निदान एक वर्ष त्या डोंगरात जाऊन शिकवावे. काणे १९७१ साली निघाले, तेव्हा तेथपर्यंतची वाट आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होती.